रिठ्याच्या पाण्यातलं ग्राफीन

सातारा-सांगलीकडच्या रसायनशास्त्राच्या प्राध्यापकांमध्ये माझी ओळख ‘पर्यावरणवाल्या मॅडम’ अशी आहे. दरवर्षी जूनच्या सुरुवातीला कुठल्या ना कुठल्या कॉलेजातून भाषणाचं बोलावणं येतं. हाराऐवजी हातात रोप देतात. मी ते घरी आणते, बाल्कनीत ठेवते आणि पाणी घालायला विसरते. आजवर त्यातलं एकही जगलेलं नाही. हे मी आपणहून कबूल करते आहे, कारण खोटं बोलून मिळालेली कीर्ती सांभाळायचा मला आता कंटाळा आला आहे.

मूळची मी वडूजची. आमच्याकडे पाणी जपून वापरतात, पण ते मुळात नसतं म्हणून. त्यात निसर्गप्रेम वगैरे काही नाही. एकदा विभागाची सहल गेली होती तेव्हा मी वेफर्सचं रिकामं पाकीट बसच्या खिडकीतून बाहेर टाकलं. आमच्या सरांनी बस थांबवली आणि ते उचलून आणायला मला मागे पाठवलं. भर उन्हात, सगळ्या विद्यार्थ्यांदेखत. मी पाकीट आणलं आणि दिवसभर सरांशी एक शब्द बोलले नाही. राग माझ्या नाकाच्या शेंड्यावरच असतो, त्याला लांबून बोलवावं लागत नाही.

हे सर म्हणजे माझे पीएच.डी.चे मार्गदर्शक. मूळचे वाईचे, शिडशिडीत, आणि काहीही मोजताना ओठ हलवायची सवय असलेले. थेंब मोजताना, हजेरी मोजताना, बशीतली बिस्किटं मोजतानासुद्धा. सांगलीच्या विश्रामबागेतल्या आमच्या कॉलेजात त्यांची छोटी प्रयोगशाळा होती आणि तिथे मी ग्राफीनवर काम करत होते.

ग्राफीन म्हणजे फार अवघड काही नाही. शिसपेन्सिलीत असतं ते ग्राफाइट. ते एकावर एक रचलेल्या अतिशय पातळ पदरांचं बनलेलं असतं. त्यातला एकच पदर सुटा केला की ते झालं ग्राफीन. अवघड असतं ते सुटं करणं. चिरोट्याला तूप-पिठाचा साठा कमी पडला की पदर जसे एकमेकांना धरून बसतात, तसे हेही बसतात, आणि मारून मुटकून वेगळे केले तरी लगेच परत चिकटतात. म्हणून एखादं द्रावक लागतं, जे पदरांच्या मध्ये शिरेल आणि त्यांना लांब लांब ठेवेल. जमलं की काळं पाणी तयार होतं आणि ते दिवसेंदिवस काळंच राहतं. नाही जमलं की सगळा काळा गाळ तळाला आणि वर स्वच्छ पाणी. आमचं सगळं संशोधन म्हणजे बाटल्या ओळीने लावून गाळ बसतो का ते बघत बसणं.

सरांचं लाडकं द्रावक होतं एनएमपी. जगभर ग्राफीनवाले तेच वापरतात. त्याला किंचित माशासारखा वास येतो आणि बाटलीवर एक लाल चौकोन असतो. पोटातल्या बाळाला इजा होऊ शकते, असं त्यावर स्पष्ट लिहिलेलं असतं. मी ते लेबल पहिल्याच दिवशी वाचलं होतं. हातमोजे घालते, खिडकी उघडी ठेवते, मग मला काय होतंय, असं म्हणून कामाला लागले होते. प्रयोगशाळेत सगळे असंच म्हणतात.

आदल्या वर्षी मला दिवस गेले होते. नवरा लष्करात, तिकडे उत्तरेला. त्याने फोनवर ऐकलं आणि आधी आपल्या आईला सांगितलं. सासूबाईंनी कुंडलमध्ये, माझ्या सासरच्या गावी, घरोघर पेढे वाटले. आठव्या आठवड्यात सगळं संपलं. मग पेढे खाल्लेली प्रत्येक बाई येऊन मला विचारून गेली, कसं झालं गं, काय उचललंस का, काय खाल्लंस का. कॉलेजात मी टायफॉइड सांगून पंधरा दिवस रजा काढली. डॉक्टर म्हणाले, असं होतं, प्रत्येक वेळी कारण सांगता येत नाही. मी त्यांना एनएमपीबद्दल विचारलं नाही. विचारलं असतं तर कदाचित त्यांनी काहीतरी सांगितलं असतं, आणि ते ऐकायची माझ्यात हिंमत नव्हती.

त्यामुळे या वेळी चाचणीच्या पट्टीवर दोन रेघा दिसल्या तेव्हा मला आधी आनंद झालाच नाही. मी मागे जाऊन दिवस मोजायला लागले. जवळजवळ सहा आठवडे मी रोज ती बाटली हाताळत होते. मी बाथरूमच्या दारात बसून रडले आणि मग सासूबाईंना फोन लावला.

आमच्याकडे सासूला आत्या म्हणतात. आत्या एकदम दबक्या आवाजात बोलायला लागल्या, जणू कुंडलच्या भिंतीसुद्धा ऐकत होत्या. “आता नीट ऐक. आवंदा तीन म्हैनं सरल्याबिगार कुनालाबी सांगायचं न्हाई. तुज्या आईला न्हाई, शेजारनीला न्हाई, त्या सरालाबी न्हाई.”

“आवं आत्या, पण सरांना सांगितल्याशिवाय ते औषध हातातनं सुटायचं न्हाई.”

“दुसरं कायबी सांग. तू शिकल्याली हाइस. तुला एक लबाडी सुचंना व्हय?”

मला सुचली. दुसऱ्या दिवशी मी सरांच्या टेबलासमोर जाऊन उभी राहिले.

“सर, मला एनएमपी सोडायचंय.”

“का?”

“पर्यावरण, सर.”

सरांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं. “तू?” ते म्हणाले. त्यांना वेफर्सचं पाकीट आठवलं असणार. मी घाईघाईने नद्या, मासे, सांडपाणी, पुढची पिढी, असं तोंडाला येईल ते बोलत गेले. पुढच्या पिढीपाशी आल्यावर माझा आवाज खरोखरच कापला. तो कापलेला आवाज सरांना लागला. त्यांचे डोळे भरून आले. तरुणपणी आपल्यालाही हेच करायचं होतं, पण कुणी साथ दिली नाही, असं ते म्हणाले आणि खुर्चीतून उठून त्यांनी माझ्याशी हात मिळवला. मला इतकी लाज वाटली की मी तोंड फिरवून खिडकीबाहेर बघत राहिले.

तिथून माझे हाल सुरू झाले. त्याच आठवड्यात सरांनी मला विभागाच्या पर्यावरण समितीचं प्रमुख केलं. मग ते आपली जुनी सायकल घेऊन आले. तेल घालून, घंटी बसवून. “तुझ्यासारख्या मुलीने स्कूटर वापरू नये,” म्हणाले. शाळेत असताना मी तालुक्याच्या सायकल शर्यतीत पहिली आले होते, हे मीच त्यांना चारदा बढाई मारून सांगितलेलं. आता येत नाही म्हणायची सोय नव्हती. “सर, माझा गुडघा दुखतो,” मी म्हणाले.

आता माझी काळजी घ्यायला आत्या विश्रामबागेत राहायला आल्या, तर त्यांनाही कुंडलमध्ये काही कारण सांगायला हवं होतं. त्यांनी काय सांगितलं? गुडघा दुखतो, सांगलीला इलाज करायचा. आम्ही दोघींनी एकमेकींना न विचारता एकच गुडघा वापरला. एकदा सर घरी आले तेव्हा आत्यांनी सवयीने गुडघ्याला हात लावून “आयाई गं” केलं. सर आळीपाळीने आमच्याकडे बघत राहिले. सासूचा गुडघा सुनेला कसा लागला, हा प्रश्न त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होता, पण ते वाईचे, त्यांनी विचारला नाही.

इकडे नवीन द्रावक शोधायचं होतं. आता जगात बरीच निघाली आहेत. लाकडाच्या भुश्यापासून बनवलेलं एक आहे, उसाच्या चिपाडापासून बनवता येतं असं एक आहे. चिपाडाचं नाव ऐकून सर हरखून गेले. सगळा मुलूख चिपाडाने भरलेला आणि आपण एनएमपी कुठून कुठून मागवतो, असं म्हणून त्यांनी स्वतःच्या कपाळावर हात मारला. पण गंमत अशी की चिपाड आपल्या दारात पडलेलं असलं तरी त्याचं द्रावक काही आपल्या गावात मिळत नाही. ऑर्डर दिली, दोन महिने लागतील असं उत्तर आलं. तोवर मी रिकामी बसले तर सरांना संशय येणार होता.

“कशात धुतीस ती काळी पूड?” आत्यांनी एकदा भाकरी थापता थापता विचारलं.

मी पदर, चिकटणं, सुटणं, सगळं समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाल्या, “मग रिठं घाल की. लुगड्याच्या जरीला एवढीशी इजा न करता मळ सुटतो, तर तुजं काय लोखंडाचं हाय?”

मला आधी हसू आलं. मग हसू थांबलं, कारण आत्यांचं म्हणणं बरोबर होतं. रिठ्यात साबणासारखा गुण असतो आणि तसल्या पाण्यात ग्राफाइट जोरात घुसळलं की पदर सुटतात. घरातल्या मिक्सरनेसुद्धा हे होऊ शकतं. प्रयोगशाळेत जायचंच नाही, एनएमपीच्या कपाटाजवळून फिरायचंच नाही, घरीच ग्राफीन करायचं! मी आत्यांना मिठी मारली. त्या म्हणाल्या, “हळू. पोट हाय.”

कॉलेजातून थोडं ग्राफाइट आणायला आत्यांनी मला पत्र्याची एक गोल, बसकी डबी दिली. आत्या पूर्वी मिश्री लावायच्या. तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, कुटायची आणि सकाळ-संध्याकाळ दातांना घासत बसायची. आमच्याकडच्या निम्म्या बायकांची तलफ हीच. मुलाने शपथ घातल्यापासून त्यांनी ती सोडली होती. म्हणजे तसं त्या सांगत होत्या. त्यामुळे घरात रिकाम्या डब्या पुष्कळ होत्या.

पहिला प्रयोग एका रविवारी. मिक्सरच्या भांड्यात रिठ्याचं पाणी, त्यात ग्राफाइट, झाकणावर माझा हात. मी शास्त्रज्ञ आहे, रिठ्याला फेस येतो हे मला माहीत होतं. किती येतो, ते माहीत नव्हतं. झाकण वर उचललं गेलं आणि काळा फेस ओट्यावरून, गॅसवरून, पिठाच्या डब्यावरून, आत्यांच्या नव्या पातळावरून खाली उतरायला लागला. तो थांबतच नव्हता. आत्या सुपलीने फेस मागे ढकलत होत्या आणि मी मिक्सरचं बटण शोधत होते, कारण तेही फेसाखाली गेलं होतं. सगळं शांत झाल्यावर आत्यांनी नाकावरचा काळा ठिपका पुसला. “ह्येच काय गं पर्यावरण?” त्या म्हणाल्या.

पुढच्या रविवारी मी शहाणी होऊन थोडं थोडं, थांबत थांबत फिरवायचं ठरवलं. तोवर मला उलट्यांचा त्रास सुरू झाला होता. कुठलाही वास सहन होत नव्हता. स्वयंपाकघरात जाताना मी नाकातोंडाला ओढणी घट्ट बांधायचे. माझी डबी खिडकीत ठेवलेली आठवत होती, पण ती दिसली डाळीच्या डब्यामागे. आत्यांनी आवरताना तिकडे सरकवली असेल, असं वाटलं. उघडली, आत काळी पूड. ओतली, फिरवलं. या वेळी फेस बेताचा आला. पाणी गाळून बाटलीत भरलं.

दुसऱ्या दिवशी थोडा गाळ खाली बसला, पण वरचं पाणी काळंभोर. चौथ्या दिवशी काळंच. आठव्या दिवशीही काळंच. मी एनएमपीत केलेली बाटलीसुद्धा इतकी टिकली नव्हती. रोज सकाळी उठले की आधी पोटावर हात ठेवायचे आणि मग जाऊन बाटली बघायचे. बाटली ठीक, मीही ठीक. त्या दिवसांत मी एवढी भोळी झाले होते की बाटली काळी आहे तोवर आपल्याला काही होणार नाही, असं मनात धरून बसले होते. रसायनशास्त्रात एम.एस्सी. केलेल्या बाईने असं वागू नये, पण मी वागले.

त्याच दिवसांत आत्यांचं मात्र बिनसलं होतं. डोकं दुखतं म्हणायच्या, बसल्या जागी चिडायच्या, भाजीवाल्याशी भांडायच्या. विश्रामबागेचं पाणी बाधलं, असा त्यांनी निष्कर्ष काढला. दात मात्र विलक्षण चमकत होते, करडे, चांदीसारखे. कुठली पेस्ट वापरता, असं मी एकदा विचारलंसुद्धा. त्यांनी ऐकू न आल्यासारखं केलं.

बाटली पाहून सर वेडे झाले. नमुन्याची खरी तपासणी करणारं यंत्र कोल्हापूरला, त्याचा नंबर तीन आठवड्यांनी. सरांना तेवढा धीर कुठला! साताऱ्याला एका कॉलेजात चर्चासत्र होतं. विषयच हरित रसायनं. “ही बाटली आपण तिथे ठेवायची,” सर म्हणाले. तपासणी झाल्याशिवाय नको, असं मी दोनदा म्हटलं. तिसऱ्यांदा म्हणायला हवं होतं. अकरावा आठवडा चालू होता. आत्यांनी माझ्या पर्समध्ये लिंबू ठेवलं, दृष्टीचं नव्हे, वास घ्यायचं, आणि सरांच्या गाडीत बसताना मला पुन्हा बजावलं, “धा-पंधरा दिस ऱ्हायल्यात. तोंड मिटून ऱ्हा.”

साताऱ्याच्या त्या सभागृहात सरांनी भाषण फार सुंदर केलं. परसातला रिठा, घरातला मिक्सर, कुंडलच्या एका माउलीचं शहाणपण. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग त्यांनी बाटली उंच धरली. “पंधरा दिवस झाले! तरी काळी!”

पहिल्या रांगेत अध्यक्ष म्हणून एक निवृत्त प्राध्यापिका बसल्या होत्या. सुती साडी, मोठं कुंकू, जाड चष्मा. त्यांनी बाटली मागून घेतली, उजेडाकडे धरून पाहिली आणि बूच काढून हुंगली. चेहरा कोरा. पुन्हा हुंगली. मग माइक हातात आहे हे विसरून म्हणाल्या, “अहो सर, ही तर मिश्री आहे. माझी आई लावायची.”

सभागृहात मागच्या रांगेतून हसू फुटलं. मी धावत पुढे गेले आणि बाटलीला नाक लावलं. ओढणीशिवाय, पंधरा दिवसांत पहिल्यांदा. सडक्या, भाजक्या तंबाखूचा तो वास थेट मेंदूत शिरला. डाळीच्या डब्यामागची डबी, आत्यांचं डोकं, आत्यांचे दात, सगळं मला एका क्षणात कळलं. लिंबू पर्समध्ये आणि पर्स खुर्चीवर. मी तोंडावर हात दाबून दाराकडे पळाले.

बाई माझ्या मागोमाग आल्या. बेसिनवर वाकलेल्या माझ्या पाठीवरून त्यांनी हात फिरवला आणि मी चूळ भरल्यावर विचारलं, “कितवा महिना?”

“तिसरा,” मी म्हणाले आणि रडायला लागले. आत्यांची सक्त ताकीद मोडली म्हणून, मिश्री घुसळली म्हणून, आणि एक विष टाळायला गेले ते दुसरं माझ्याच मिक्सरमध्ये फिरवून बसले म्हणून. वळून पाहिलं तर दाराबाहेर सर पाण्याची बाटली घेऊन उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

परत येताना सरांनी उंब्रजपर्यंत गाडी एकाच वेगाने चालवली. मला वाटलं, आता पीएच.डी. संपली. भर सभेत मी त्यांच्या हातात मिश्रीची बाटली दिली होती. कराडच्या अलीकडे त्यांनी गाडी रस्त्याच्या कडेला घेतली.

“म्हणून एनएमपी सोडलंस?”

“हो सर.”

“आणि मागच्या वर्षीचा टायफॉइड?”

मी मान हलवली. सर समोरच्या काचेतून बघत होते. उसाचे ट्रॅक्टर एकामागून एक पुढे जात होते.

“ते लेबल मीही वाचलंय,” ते म्हणाले. “वर्षानुवर्षं वाचतोय. प्रत्येक नव्या मुलीच्या हातात मीच ती बाटली देतो. ते आपल्यासाठी लिहिलंय, असं मला कधी वाटलंच नाही.” मग माझ्याकडे वळून, “या वेळी किती दिवस हाताळलंस?”

“सहा आठवडे, सर.”

त्यांचे ओठ हलले. सहा आठवड्यांचे दिवस मोजत असावेत. मग त्यांनी गाडी सुरू केली. मला फार हलकं वाटत होतं. ही भीती मी आजवर एकटीच उचलून हिंडत होते, आणि आता त्यातली अर्धी शेजारच्या सीटवर बसलेल्या माणसाने उचलली होती.

घरी येऊन मी आत्यांसमोर डबी ठेवली. त्यांनी डबीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मग सगळं बाहेर आलं. मिश्री सुटली नव्हती, डाळीमागे लपवली होती. एक दिवस जागेवर डबी नव्हती, खिडकीत दिसली. सुनेला कळलं, पण ती एका शब्दाने बोलली नाही, गुमान डबी दुसरीकडे ठेवली, किती गुणाची पोर, असं मनात म्हणून त्याही गप्प बसल्या. आणि पंधरा दिवस रोज दोन वेळा ग्राफाइट घासत राहिल्या.

“मी म्हनलं, हिला दमच न्हाई. बोटावर नुसती सुळसुळतीया,” आत्या म्हणाल्या. “आन डोस्कं ही असं उठल्यालं. तलफेचं व्हतं व्हय ते!” मग जरा विचार करून, “म्हंजी आता सुटलीच की गं माजी.” खरंच सुटली. पुन्हा त्यांनी मिश्रीला हात लावला नाही. मुलाच्या शपथेने जे झालं नाही ते शिसपेन्सिलीने झालं.

दुसऱ्या दिवशी सरांनी एनएमपीच्या सगळ्या बाटल्या मोजून एका कपाटात बंद केल्या, रीतसर विल्हेवाटीला पाठवायचं पत्र लिहिलं आणि किल्ली खिशात टाकली. यापुढे या प्रयोगशाळेत हे द्रावक येणार नाही, असं सगळ्यांसमोर जाहीर केलं. कुणीतरी कारण विचारलं. सरांनी माझ्याकडे पाहिलं, घसा खाकरला आणि म्हणाले, “पर्यावरण.”

अशा रीतीने आमच्यात एक लबाड वाढला, आणि तो सगळ्यांत कच्चा निघाला. माझी विचारपूस करायची तर सगळ्यांदेखत काय विचारणार? मग त्यांना आमचा गुडघा आठवला. “मॅडम, गुडघा कसा आहे?” रोज सकाळी. “गुडघ्याला लोह देता ना?” “गुडघ्याची सोनोग्राफी कधी?” एकदा तर ऑफिसच्या दारात, “डॉक्टर काय म्हणाले, गुडघ्याचे ठोके नीट आहेत ना?” तिथल्या क्लार्कने पेन खाली ठेवून माझ्या पायाकडे पाहिलं. तीन महिने सरले, मी विभागात पेढे वाटले, तरी सरांची ती सवय मोडली नाही.

रिठ्याचं काम मी पुन्हा केलं, या वेळी हुंगून, चिमटीत चोळून, खात्री करून. खरं ग्राफाइट घातलं तेव्हा पाणी मिश्रीइतकं काळं झालं नाही. बराच गाळ बसला, पण वर राहिलेल्या करड्या पाण्यात पदर खरोखर सुटलेले होते. कोल्हापूरच्या यंत्रानेच तसं सांगितलं. नंतर तो रिठा धुऊन काढताना मात्र नाकी नऊ आले. चिपाडाचं द्रावक आल्यावर त्यात आणखी चांगलं जमलं. प्रबंधात रिठ्याचं एक प्रकरण आहे. मिश्रीचा उल्लेख सरांनी काढायला लावला.

भीती मात्र गेली नाही. प्रत्येक सोनोग्राफीत सगळं ठीक आहे असं सांगायचे, आणि प्रत्येक वेळी घरी येऊन मला वाटायचं, यंत्राला काय दिसतंय, सहा आठवडे त्याला कुठे माहीत आहेत. नवऱ्याला फोनवर हे सांगता येत नव्हतं. तो तिकडे बर्फात, त्याला कशाला आणखी एक ओझं. आत्यांना सांगितलं नाही, कारण त्या विचारत नव्हत्या. सर मात्र गुडघा कसा आहे म्हणून विचारायचे आणि उत्तर येईपर्यंत हातातलं काम थांबवून उभे राहायचे.

पूर्ण दिवस भरून मुलगी झाली. काळीसावळी, रडकी, माझ्यासारखीच नाकावर राग असलेली. ती कुशीत आल्यावर मी सगळ्यात आधी दुपट्याची घडी उलगडली आणि तिची बोटं मोजली. हातांची, मग पायांची. पुन्हा एकदा हातांची.

तिसऱ्या दिवशी सर भेटायला आले. हातात अर्थातच एक रोप. ते त्यांनी खिडकीत ठेवलं, आत्यांना नमस्कार केला, आणि पाळण्याजवळ जाऊन वाकले. मुलगी कशी आहे, वजन किती, काहीच विचारलं नाही. दुपट्यातून तिची एक मूठ बाहेर आली होती. ती उघडली, मिटली, परत उघडली. सर बराच वेळ तसेच वाकून उभे होते, आणि त्यांचे ओठ हलत होते.

आत्या कोपऱ्यात बाळाची लंगोटी घडी करत बसल्या होत्या. मान वर न करता म्हणाल्या, “समदी हायती, सर. मी बी मोजल्याती.”